भोपळा कोणी कापायचा?

नायगाव (पूर्व)
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

धवल,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे काही लिहीत नाही. रागात दिलेले आशीर्वाद वाया जातात.

गणपतीत तू म्हणालास, "आई, ओरडायचं असेल तर फोन करू नकोस." बरं. फोनवर ओरडत नाही, कागदावर ओरडते. सगळा जन्म प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून काढलाय, माझे शेरे वाचून भल्याभल्या बापांना घाम फुटायचा. कुरिअरने तुझ्या खराडीच्या पत्त्यावर पाठवतेय. घे आणि वाच.

आज सोसायटीची मीटिंग झाली. विषय काय, तर मुलांची हॅलोविन पार्टी! ही आग तू लावलीस. मागच्या रविवारी फोनवर आर्याला म्हणालास ना, "एकतीस तारखेला मी येतो, भोपळ्याचं भूत मी स्वतः कापून देणार." झालं. पोरीने फोन ठेवला आणि दोन्ही विंगमध्ये दारोदार जाऊन सांगून आली की माझे बाबा येणार, पार्टी करणार. सात वर्षांची पोर ती, तिला बापाचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. दुसऱ्या दिवशी सगळी चिल्लीपिल्ली सेक्रेटरीच्या दारात.

आपले सेक्रेटरी विद्याधर सामंत तुला ठाऊक आहेत. उभे राहून म्हणाले, भुतंखेतं ही आपली संस्कृती नाही, त्यापेक्षा संतांची वेशभूषा ठेवू. शेजारची रोझमेरी म्हणाली, "आमचीपण नाय. दोन तारखेला मी पापडीला आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जाणार, आणि दोनच दिवस आधी माझ्या दारावर सांगाडा नाचवू का?" पाण्याच्या टँकरवरून एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं पहिल्यांदा एका बाजूला बसली. मला हसू यायला हवं होतं. पण मला आर्या दिसत होती. मीटिंग हॉलच्या खिडकीला नाक लावून उभी.

मग मी उठले. म्हटलं, "सामंत, थर्टी फर्स्टला गच्चीवर तुम्ही जे करता ती कुठल्या संतांची संस्कृती? आणि रोझमेरी, तुझ्या दारावर कोणी काही लावणार नाही, पण पोरांना एक संध्याकाळ हसू दे." सामंत म्हणाले, "ठीक आहे वहिनी, मग कोणाला लागलं-खुपलं तर जबाबदारी तुमची." म्हटलं, माझी. घेतली.

म्हणजे बघ, वचन तू दिलंस आणि पार्टी माझ्या गळ्यात पडली. तुझं हे नेहमीचंच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि जेवायला बसलेल्या माणसांना वाढायला आई.

राधिकाला हे पत्र माहीत नाही. कळलं तर ती एवढंच म्हणेल, "आई, कशाला?" ती तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही, म्हणून मला जास्त राग येतो. दोन वर्षांपूर्वी तू बॅग भरून गेलास, मागोमाग कोर्टाचे कागद आले, आणि मी सुनेकडे राहिले. बिल्डिंगमधल्या बायका अजून विचारतात, "मुलाकडे नाही गेलात?" मी सांगते, मुलगाच गेला, मी कुठे जाऊ?

एकच मागणं आहे. एकतीस तारीख, शुक्रवार, संध्याकाळी सहा. ये. माझ्याशी बोलू नकोस, राधिकाशी बोलू नकोस, चहा नको पिऊस. त्या पोरीसमोर उभा राहा, भोपळा काप आणि जा.

आई


१७ ऑक्टोबर

धवल,

पत्र पोचल्याचं कुरिअरवाल्याने कळवलं. तुझं उत्तर नाही. पण काल फोन केलास, आणि तो कशाला? तर डिसेंबरअखेर तुझ्या त्या बाईच्या बाळंतपणाला मी पुण्याला यावं म्हणून. "तिची आई नाही गं, तुझ्याशिवाय कोण आहे?" काय गोड आवाज काढलास! मी पार्टीचं विचारलं तर म्हणालास, "हो हो, बघतो." एका मुलासाठी आईला दोन महिने बोलवायचं, आणि दुसऱ्या मुलीसाठी दोन तास द्यायचे तर "बघतो." लाज कशाशी खातात रे?

बाळंतपणाचं उत्तर एकतीसनंतर. आधी तू ये.

आता ऐक, कारण येशील तेव्हा नियम तुलाही लागू. मी सगळी पार्टी बसवली आहे. त्या संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर रस्त्यावर लागणार आणि गेट बंद. तुझीही बाहेर लाव. सामंत कुरकुरले, मी म्हटलं जबाबदारी माझी ना, मग गाडी काढा. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर कुलूप. मेणबत्ती, पणती, फटाका यांतलं काही नाही, दिवाळीची उरलेली फुलबाजीसुद्धा नाही. पोरांच्या अंगावर नायलॉनचे झगे असतात, एक ठिणगी पुरते. भोपळ्यात बॅटरीचा दिवा. मुखवटे बंद, कारण त्यातून जिना दिसत नाही. तोंड रंगवायचं तर आदल्या दिवशी हाताला लावून बघायचं, खाज सुटली तर नाही. ज्या घरांना चालणार आहे त्यांनी दारावर कागदाचं वटवाघूळ लावायचं, पोरांनी खाऊ मागायला तिथंच टकटक करायची. छोट्याबरोबर एक मोठं पोर. लिफ्टमध्ये एकट्याने शिरायचं नाही. पोरं म्हणाली, "आजी, मग मजा काय?" म्हटलं, गच्चीच्या जिन्यात अंधार करून मी स्वतः बसणार आहे, बघू कोण रडत नाही ते.

आर्या हडळ होणार आहे. झाडूवरची ती परदेशी नको म्हणाली, आपली हवी, उलट्या पावलांची. तिने बूटच उलटे घातले आणि दोन पावलांत आपटली. मग मी पुठ्ठ्याची बोटं कापून मोज्यांच्या टाचांवर शिवली. आता पुढून नीट चालते आणि मागून बघितलं तर पाय उलटे. राधिका ऑफिसातून आली आणि दारातच इतकी हसली की पर्स खाली पडली. तिला असं हसताना मी कधी बघितलं होतं ते मला आठवत नाही.

आणि महत्त्वाचं. तिसऱ्या मजल्यावरचा कृष्णा, त्याला शेंगदाणा चालत नाही. नुसतं "आवडत नाही" असं नव्हे. गणपतीत कोणीतरी लाडू दिला, त्यात कूट होतं. पोराचे ओठ सुजले, श्वास घेता येईना, रिक्षात घालून दवाखान्यात पळवला. त्याची आई अजून त्या दिवसाचं नाव काढलं की त्याला जवळ ओढते. म्हणून पार्टीत शेंगदाण्याचं काहीही येणार नाही. चिक्की नाही, चॉकलेट नाही, फरसाण नाही. तू काही आणणार असशील तर पाकिटावरचं वाचून आण. खाली दोन रेघा मारल्या आहेत, बघ.

आई


२४ ऑक्टोबर

धवल,

दिवाळी झाली. तू आला नाहीस. पाडव्याला नाही, भाऊबिजेला नाही. आर्याने तुझ्यासाठी करंज्या डब्यात वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यांना वास यायला लागला तेव्हा राधिकाने गपचूप टाकल्या.

फोन आला तो तुझा नाही, तुझ्या त्या बाईचा. "आई, फराळ पाठवू का?" म्हटलं, आमच्या घरी आहे. ठेवला फोन. उद्धट वागले असेन. वागले तर वागले.

मग तिच्या डोहाळजेवणाचे फोटो तुझ्या स्टेटसवर झळकले. फुलांची वाडी, झोपाळा, हातात धनुष्यबाण, तू शेजारी उभा, झब्बा घालून. छान दिसत होतास, खोटं का बोलू. माझा फोन आर्याच्या हातात होता, धवल! आम्ही तिला बाळाचं सांगितलंच नव्हतं. तुझं तू सांगायचं होतंस. तिने फोटो बघितला, मोठा करून बघितला, आणि मला फोन परत दिला. रडली नाही. संध्याकाळी पीठ मळताना विचारते, "आजी, ते बाळ बसायला लागलं की पार्टीला आणता येईल ना? छोट्यांसाठी आपण अंधार नाही करायचा." मी तोंड फिरवून कणीक तिंबत राहिले. त्या पोळ्या वातड झाल्या.

तुझा मला इतका राग आला की तू समोर असतास तर तुझ्या वयाचा विचार केला नसता.

काल चंद्रहास मामा आला. वाडीतला सगळ्यात मोठा तांबडा भोपळा रिक्षात मांडीवर घेऊन आला, देवाची मूर्ती आणावी तसा. आर्या दोन्ही हात पसरून त्याला मिठी मारते आणि हात पुरत नाहीत. मामा म्हणाला, "आणा कोयता, आत्ताच पहिला वार घालून देतो, मग तुम्ही बायका काय ते कोरा."

तुला माहीत आहे आपल्यात कसं असतं. अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही. पुरुषाने आधी सुरा लावायचा, मग बाईने चिरायचा. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, आईने त्याच्यावर वार केला तर ते मुलावर येतं. तुझ्या बाबांनंतर घरात भोपळा आला की मी तुला हाक मारायचे आणि तू अभ्यासातून उठून सुरा टोचून जायचास. शाळेत मी पोरांना सांगायचे की मांजर आडवं गेलं तर ते उंदरामागे गेलेलं असतं, आणि घरी येऊन हे पाळायचे. पाळायचे तर पाळायचे. थोरला म्हण, धाकटा म्हण, मला तू एकटाच आहेस.

तर मामाने कोयता उचलला आणि आर्या भोपळ्यापुढे आडवी झाली. "नाही! बाबा कापणार. बाबांनी सांगितलंय." मामाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे, धवल येतोय. त्याने कोयता खाली ठेवला आणि काही बोलला नाही. तो काही बोलला नाही, याचाच मला संताप आला.

भोपळा बाल्कनीत आहे. ती रोज सकाळी त्याला गुड मॉर्निंग म्हणते.

आई


२९ ऑक्टोबर

धवल,

परवा आर्याला फोनवर सांगितलंस, "शुक्रवारी सुट्टी टाकलीय, नक्की येतो." मी स्पीकरवर ऐकलं. ठीक आहे. माझा राग गेलेला नाही, पण ऐकलं.

भिवंडीवरून कामण-चिंचोटीच्या रस्त्याने येऊ नकोस, खड्ड्यांनी वाट लागली आहे, घोडबंदरवरून ये. दुपारीच निघ. जूचंद्र गावच्या दोन मुली गेटपाशी रांगोळीत वेताळ काढणार आहेत, त्यावरून चालू नकोस, ओरडतील. रोझमेरीने अखेर दारावर वटवाघूळ लावलं. तिचा मुलगा मार्सेल म्हणे चादर घेऊन भूत होणार आहे. सामंतांनी लावलं नाही, पण त्यांच्या बायकोने खिडकीला लावलंय.

आर्याने तुझ्यासाठी जागा आखून ठेवली आहे. खडूने गोल काढलाय आणि त्यात लिहिलंय, "बाबा इथे."

राधिका त्या वेळात रोझमेरीकडे बसेन म्हणाली, तुला अवघड व्हायला नको म्हणून. तिच्या या शहाणपणाचा मला कधीकधी वैताग येतो. तिने तुझ्या तोंडावर दार आपटायला हवं.

ये बाबा. एवढं एक कर.

आई


१ नोव्हेंबर

धवल,

काल पाचला मेसेज आला. "आई, मीटिंग लागली, निघता येत नाही. आर्याला सरप्राइज पाठवलंय, खूश होईल."

मीटिंग. सुट्टीच्या दिवशी मीटिंग! नीट खोटं बोलायलाही तुला कष्ट घ्यायचे नव्हते.

आर्या उलट्या पायांची हडळ होऊन गेटच्या आत उभी होती. कपाळावर मळवट, केस मोकळे. तिच्याबरोबरची पोरं टकटक करत वर गेली, खाली आली, पिशव्या भरल्या. ती हलली नाही. "बाबांना गेट सापडणार नाही, गाड्या बाहेर आहेत ना." मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं, "निघालेत, घोडबंदरला ट्रॅफिक आहे." तुझ्यासाठी खोटं बोलले, सात वर्षांच्या पोरीशी, तिच्या तोंडाकडे बघून. तुझ्यासाठी यापुढे एक अक्षर खोटं बोलणार नाही.

मग गेटवर डिलिव्हरीवाला आला. भलामोठा खोका, सोनेरी कागद, वर "टू आर्या, लव्ह, बाबा." पोरीचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, बरं झालं, काहीतरी आलं. ती खोका डोक्यावर घेऊन धावत सुटली. "बाबांनी पाठवलं! सगळ्यांना बाबांनी पाठवलं!" सगळी पोरं जमली. तिने मोठ्या मनाने वाटायला सुरुवात केली, आधी लहान मुलांना. मी गच्चीच्या जिन्यातला दिवा घालवायला वर गेले होते, खाली आले तेव्हा कृष्णाच्या हातात चॉकलेट होतं आणि कागद सोललेला होता.

मी खोक्यावरचं वाचलं. पीनट. मोठ्या अक्षरात, चित्रासकट. आंधळ्यालाही दिसावं असं.

मी कशी धावले मला माहीत नाही. गुडघे दुखतात माझे, पण धावले. कृष्णाच्या ओठांपाशी पोचलेला हात मी इतक्या जोरात झटकला की पोर खाली बसलं आणि भोकाड पसरलं. खोका हिसकावला. बाकीच्यांच्या हातातली चॉकलेटं काढून घेतली, तोंडात होतं त्यांना थुंकायला लावलं. कृष्णाची आई धावत आली, त्याचे हात धुतले, तोंड धुतलं, आम्ही दोघी त्याच्या ओठांकडे बघत बसलो. काही झालं नाही. देवाची कृपा, तुझी नाही.

तेव्हा कळलं मला. तू माझं एकही पत्र उघडलेलं नाहीस. दोन रेघा मारल्या होत्या रे मी! एक ओळ वाचली असतीस तरी कळलं असतं. पाकिटं कुठे टाकतोस? विजेच्या बिलांबरोबर? गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

आणि आर्या माझ्यासमोर उभी. गालावरून मळवट ओघळलेला. सगळ्या सोसायटीसमोर ओरडली, "तू बाबांचा खाऊ फेकलास! तू सारखी ओरडतेस! म्हणून ते येत नाहीत!"

विंगमधून राधिका आली, तिने आर्याला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, आर्याने हात झटकला. मार्सेल डोक्यावरून चादर काढून तसाच उभा. सामंत म्हणाले, "आता बंद करू या का वहिनी?" पोरं सगळी माझ्याकडे बघत होती. पार्टी संपली असं त्यांना वाटलं होतं.

मी म्हटलं, पार्टी बंद होणार नाही. मुलांनो, त्या दोरीच्या मागे उभे राहा, एकानेही पुढे यायचं नाही. आणि मी कोयता मागवला.

टेबलावर भोपळा होता. सामंत पुढे झाले. "वहिनी, थांबा. तुम्ही नका. अपशकुन असतो, धवलचं... मी आधी लावतो, मग तुम्ही कापा." माणूस वाईट नाही, मनापासून बोलत होता. मी म्हटलं, "बाजूला व्हा." राधिका हळूच म्हणाली, "आई, नको." तिलाही तुझीच काळजी. मला त्या क्षणी तिच्यावरही राग आला. रोझमेरी एकटी आली आणि दोन्ही हातांनी भोपळा घट्ट धरला. म्हणाली, "काप तू बाय. मी धरते."

आणि मी वार केला, धवल. मी, तुझ्या आईने, अख्ख्या भोपळ्यावर. एका घावात कोयता निम्मा आत गेला.

मग सगळं सोपं होतं. झाकण काढलं, डोळे कोरले, दात कोरले. एक दात मोडला, तर पोरं म्हणाली भुताचा दुधाचा दात पडला. आत हात घालून बिया काढायला लागले तेव्हा शेजारी एक छोटा हात आला. आर्याने विचारलं, "मी काढू?" म्हटलं, काढ. कोपरापर्यंत माखली. राधिकाने आत बॅटरी ठेवली, दिवे घालवले, आणि पोरांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या सोसायटीतले लोक बाल्कनीत आले. नंतर जिन्यात मी तिघांना रडवलं. शब्द दिला होता, तो पाळला.

घरी पाय धुताना आर्या म्हणाली, "आजी, ते निघालेच नव्हते ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तू निघालेत का म्हणालीस?"

"चुकलं माझं. आता नाही म्हणणार."

तिने मान हलवली आणि टॉवेल मागितला. आज सकाळी राधिका एवढंच बोलली, आणि एवढं ती दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली. "त्यांना सांगा, आता 'येतो' म्हणायचं नाही. आले तर आले." मी सांगितलं, असं समज.

आई

ता. क. हे पाकीट बंद केलं आणि परत उघडलं. तू वाचणार नाहीसच, तर तुझं नाव कशाला घालू? पाकिटावर मीराचं नाव घालतेय. तिचं नाव मी पहिल्यांदाच लिहितेय.


२ नोव्हेंबर

मीरा,

याच पाकिटात धवलला लिहिलेलं पत्र आहे. ते आधी वाच. आधीची तीन-चार पाकिटं घरात कुठेतरी पडली असतील, ती शोधून वाच. तुझ्याबद्दल त्यांत काही बरं लिहिलेलं नाही, तेही वाच. मी तुला "ती बाई" म्हटलंय. तेव्हा रागात होते, अजूनही आहे, पण तो सगळा तुझ्यावर काढणं बरोबर नव्हतं. फराळाच्या फोनवरही तुला तोडून बोलले.

तू विचारलं नाहीस, त्याने विचारलं होतं, पण उत्तर तुला देते. बाळंतपणाला मी येईन. डिंकाचे लाडू, अळीव, जे लागेल ते घेऊन येईन. तुला आई नाही आणि बाळाने कोणाचं काही बिघडवलेलं नाही. माझ्या मुलासाठी येत नाही हे त्याला मी स्वतः सांगेन. आर्याला बाळ बघायचं आहे, पण ते राधिकाने ठरवायचं. मी तिला गळ घालणार नाही आणि तुम्हीही घालू नका.

बाप म्हणून तो कसा आहे ते आता तुझ्या हातात कागदावर आहे. तू शिकलेली आहेस. बाळ यायच्या आधी तुला जे विचारायचं ते त्याला विचार, आणि "बघतो" हे उत्तर घेऊ नकोस.

एक गोष्ट राहिली. लिहावी की नाही हा विचार सकाळपासून चालू आहे.

भोपळ्याचं काय असतं ते तुला कोणी सांगितलं असेल किंवा नसेल. मी ते मानत नाही. पोरांना मी विज्ञान शिकवलंय. पण काल सकाळी उठले आणि हातपाय गार पडले. दोनदा त्याला फोन लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे," आणि ठेवला. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. आवाज ऐकला ना, बस झालं. मग इतका संताप आला की फोन भिंतीवर मारणार होते.

आज रोझमेरी पापडीला मेणबत्त्या लावायला गेली. आमच्याकडे संध्याकाळी तुळशीचं लग्न आहे, आर्या ऊस धरून उभी राहणार म्हणून मागे लागलीय, त्यामुळे आटोपतं घेते.

हे पत्र तुला मिळेल तेव्हापासून आठवडाभर त्याला हायवेवर गाडी चालवू देऊ नकोस. किल्ली लपव, पोटात दुखतंय म्हण, काहीही कर. का ते विचारलं तर सांगू नकोस. आणि मी सांगितलं, हे तर मुळीच सांगू नकोस.

तुझी,
प्रमोदिनी